बुधवारचे सामने

निफाडचा पारा किती उतरला हे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर यायला लागलं, की आम्ही नाशिककर स्वेटर बाहेर काढतो. अंगावर येणाऱ्या काट्यापेक्षा आमचा त्या आकड्यावर विश्वास जास्त. परवा तो आकडा आला. त्याच संध्याकाळी घरामागच्या मैदानावर शिट्टी वाजली आणि मी सोलायला घेतलेला हरभरा तसाच ठेवून गच्चीत गेलो. कॉलेजांचे सामने सुरू झाले होते. कबड्डीची शिट्टी ऐकताक्षणी कळते. ती लांबत नाही. हा गडी आत्तापर्यंत होता आणि आता नाही, एवढंच ती सांगते.

मला अशाच एका शिट्टीबद्दल लिहायचं आहे. ती वाजून बारा हिवाळे झाले. ती चुकीची होती असं घोटीकडे अजून म्हणतात. ती वाजवणारे पंच होते खैरनार. त्या एका शिट्टीपायी त्यांचं नाव गेलं, आणि त्यानंतर मैदानात पंच म्हणून ते कधी उभे राहिले नाहीत. ते तसं का झालं यातला माझा भाग मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता आणि मी तो कोणाला सांगितला नव्हता. बाकीचा भाग मात्र मला यंदाच कळला, तोही विचारायला गेलो म्हणून.

पण आधी ते सामने टीव्हीवर कसे आले ते सांगायला हवं. आज सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही.

नव्वदीच्या मध्याला आमच्या भागात केबल आली. तिचे मालक विलासशेठ. घराच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली, तिच्यात एकावर एक रचलेली यंत्रं आणि सतत फिरणारा पंखा, याला ते कंट्रोल रूम म्हणत. दूरदेशीच्या चॅनेलांबरोबर त्यांचं स्वतःचं एक चॅनेल होतं. शनिवार-रविवारी त्यावर पिक्चर लागे, सणाला मिरवणूक दिसे, मधे मधे साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती. अडचण होती मधल्या वारांची. बुधवारी संध्याकाळी दाखवायला त्यांच्याकडे काही म्हणजे काही नसे. आणि खोलीच्या मागेच मैदान होतं. दोन गच्च्या आणि एक कडुनिंब यांवरून वायर ओढली की थेट प्रक्षेपण.

शहरातल्या मोठ्या कॉलेजांचे सामने रविवारी होत. पाहुणे, हार, खुर्च्यांवर पांढरी कव्हरं. तालुक्यांच्या लहान कॉलेजांचा गट वेगळा असे आणि तो कधी उरकला जाई ते त्यांच्या प्राचार्यांनाही कळत नसे. विलासशेठनी तो गट मागून घेतला. 'सर, ज्यांना कोणी वार देत नाही त्यांना मी बुधवार देतो,' असं ते मला म्हणाले होते. व्यवहार होताच त्यात, पण वाक्य खोटं नव्हतं. त्या गटात जो जिंकेल त्याला हंगामाच्या शेवटी शहरातल्या विजेत्याशी रविवारी खेळायला मिळे. म्हणून बुधवारी खेळणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोळ्यांपुढे तो एक रविवार असे.

बुधवारी दुपारपासून एस.टी. स्टँडवर संघ उतरायला लागत. निफाडकडची मुलं उंच, भरल्या खांद्यांची. द्राक्षाच्या मळ्यातल्या जीपमधून यायची, बूट एकसारखे असायचे. पेठ-सुरगाण्याची मुलं शहरात आल्यावर एकमेकांशीही हळू बोलायची, पण मैदानात उतरली की मधमाश्यांच्या पोळ्यावर दगड बसल्यासारखी उठायची. घोटीची मुलं भाताची झोडणी आटोपून आलेली असायची. त्यांच्या मनगटांवर पेंढ्याचे बारीक बारीक ओरखडे असायचे. त्यांच्यातला कोणीतरी प्रॅक्टिकल बुडवून आलेला असे, कोणाचा पेपर दुसऱ्या दिवशी असे. गाडीत मांडीवर वही उघडून वाचत आलेला मुलगा साडेपाचला चढाईला जाई. मला याचं तेव्हा कौतुक वाटे. ही मुलं मधल्या वारी खेळतात ती टीव्हीच्या सोयीसाठी, आणि त्यांचा गुरुवार कसा जातो हे कोणी पाहत नाही, हा विचार मला खूप नंतर सुचला.

कॅमेरा एकच होता आणि कॅमेरामन लग्नांचं शूटिंग करणारा. त्याचा हात लग्नात बसलेला. ऐन पकड चालू असताना तो शांतपणे प्रेक्षकांवर कॅमेरा फिरवी, प्रत्येक खुर्चीवर दोन सेकंद थांबत, जणू कोणी वगळलं गेलं तर मुलीकडचे रागावतील. एकदा अख्खा संघ बाद होऊन लोण चढला तेव्हा पडद्यावर बदामाच्या आकाराची चौकट आली आणि त्यात शेंगा खाणारे दोन म्हातारे दिसले. लोक घरी बसून हसले असतील. तरी पाहत होते. का पाहत होते, हे मला आजही नीट समजलेलं नाही. त्या पोरांची नावं कोणाला माहीत नव्हती, कॉलेजांशी नातं नव्हतं. हातात इतक्या सगळ्या वाहिन्या असलेला माणूस बुधवारी संध्याकाळी सुरगाणा विरुद्ध घोटी का पाहतो? आमच्या घरून उत्तर मिळालं होतं ते असं: 'अहो, ती मुलं कॅमेऱ्याकडे बघत नाहीत ना, म्हणून बघावंसं वाटतं.'

मी मात्र कॅमेऱ्याकडे बघत होतो. मी कॉलेजात मराठी शिकवत असे, गॅदरिंगचं सूत्रसंचालन करत असे, आवाज बरा होता. विलासशेठनी माईक हातात दिला आणि मी समालोचक झालो. पहिल्या महिन्यातच भाजीबाजारात लोक ओळखू लागले. मखमलाबादहून मेथी घेऊन येणाऱ्या सरूबाई माझ्याशी आजवर मेथीपलीकडे कधी बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, 'टीव्हीवरचे सर ना तुम्ही? ते घोटीचं पोरगं जेवतं का नाय हो? बरगड्या मोजून घ्या त्याच्या.' मी दोन दिवस आनंदात होतो. पंचवीस वर्षं वर्गात जे बोललो ते भिंतींनी ऐकलं, आणि हे सगळं नाशिक ऐकतं, असं मला वाटायचं.

सरूबाई ज्याच्या बरगड्यांबद्दल बोलत होत्या तो लहानू गभाले. घोटीच्या पलीकडे डोंगरात त्याचं गाव. अंगानं काटक, आणि दम असा की आजवर तसा मी ऐकला नाही. ऐकला नाही हे अगदी शब्दशः. बाकीचे गडी 'कबड्डी कबड्डी' म्हणत समोरच्याच्या अंगावर जातात, त्यात निम्मी धमकी असते. लहानूचा दम ओठांच्या आत चाले. हात-दीड हातावर उभं राहिलं तरच त्याची गुणगुण कानावर येई. टीव्हीवर तर तो मुका दिसे. लोकांचे फोन येत, हा पोरगा काही म्हणतो का नुसताच पळतो? मग विलासशेठ मला सांगत, 'सर, त्याची चढाई आली की तुम्ही भरून काढा.' मी भरून काढी.

लहानूचा दम ऐकू शकणारा मैदानात एकच माणूस होता, खैरनार. मूळचे सटाण्याकडचे, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर कामाला. पहिली पाळी संपवून स्कूटरवरून यायचे, पांढरी पँट-शर्ट घालून मैदानात उतरायचे. रेषा आखून झाल्या की एकदा चारी कोपरे फिरून येत आणि आपल्या अहिराणीत म्हणत, 'ऑलराइट शे,' म्हणजे सगळं ठीक आहे. गडी पकडीत खाली गेला की खैरनार सरळ पोटावर झोपत. कान जमिनीलगत, डोळे रेषेवर. दर बुधवारी त्यांचे पांढरे कपडे विटकरी होत. मी एकदा त्यांना विचारलं होतं, एवढ्या गोंगाटात दम ऐकू येतो कसा? ते म्हणाले, टर्बाइनच्या आवाजाखाली बेअरिंगचा आवाज असतो, तो बदलला की मशीन बिघडणार हे आधी कळतं. मोठ्या आवाजाखालचा लहान आवाज ऐकायचा, एवढंच त्यांचं काम. मला हे इतकं आवडलं की पुढच्या बुधवारी मी ते समालोचनात माझ्या शब्दांत वापरलं.

आता एक गोष्ट सांगतो, ती लक्षात ठेवायला हवी. विलासशेठकडे ॲम्प्लिफायर एकच होता. माझा आवाज जसा वायरीतून घरोघरी जाई, तसाच मैदानावरच्या कर्ण्यातूनही वाजे. मी प्रेक्षकांना जे सांगे ते खेळणाऱ्यांनाही ऐकू येई. खैरनार दुसऱ्याच आठवड्यात माझ्याकडे आले. चढाई चालू असताना निदान कर्णा तरी बंद ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं. विलासशेठ म्हणाले, कर्णा बंद केला तर टीव्ही पण बंद होईल. मी यावर काय केलं? माईकवरून म्हणालो, 'आमचे पंच सांगतात, सर जरा हळू बोला. पण काय करणार, सगळं नाशिक कान देऊन बसलंय.' लोक हसले. खैरनारही हसले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

हंगामाच्या शेवटच्या बुधवारी घोटी आणि निफाडकडचं कॉलेज समोरासमोर आले. जिंकेल त्याला रविवार. त्या दुपारी मी घरी बसून दोन चिठ्ठ्या लिहिल्या. मराठीचा मास्तर होतो, शेवटचं वाक्य ऐन वेळी सुचेल यावर माझा भरवसा नव्हता. निफाडवाले जिंकले तर एक वाक्य, घोटीवाले जिंकले तर दुसरं. दोन्ही खिशात. निफाडकडच्या विजयाचं वाक्य मला फार साधलं होतं. ते असं: 'दम तुटला, आणि त्याबरोबर घोटीचा हिवाळाही संपला.' मी ते घरी मोठ्यानं म्हणून पाहिलं होतं.

शेवटचं मिनिट. घोटी एका गुणानं मागे. लहानू चढाईला गेला, डाव्या कोपऱ्यातल्या गड्याला हात लावून वळला आणि त्याच्या घोट्याला पकड बसली. दुसरा अंगावर आला. तिघं मिळून मातीत गेले. लहानूचा हात मध्यरेषेपासून वितीवर होता आणि तो ते अंतर अंगुळ अंगुळ कमी करत होता. बोटं रेषेला लागेपर्यंत दम टिकला तर घोटी जिंकणार. खैरनार पोटावर आडवे. सगळं मैदान उभं राहून ओरडत होतं. मी टेबलाजवळ, वीस पावलांवर. मला काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण ते वाक्य तोंडात येऊन थांबलं होतं, आणि तो क्षण त्या वाक्याला इतका शोभत होता की मी ते बोलून टाकलं.

मग शिट्टी वाजली. लहानू बाद. त्याची बोटं रेषेपासून चार अंगुळं लांब होती.

घोटीच्या मुलांनी मैदानात ठिय्या दिला. त्यांचे क्रीडाशिक्षक खैरनारांच्या अंगावर धावून गेले. दम चालू होता, पंचानं घात केला, हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की अर्ध्या तासानं सगळेच म्हणू लागले. मी घरी आलो तेव्हा ही पोळ्या करत होती. तिनं सामना पाहिला होता. वाक्य छान होतं असं म्हणाली आणि मग लाटणं न थांबवता विचारलं, 'पण शिट्टीच्या आधी तुम्हाला कसं कळलं?' मी म्हणालो, अगं, शिट्टी झाल्यावरच बोललो मी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

तक्रार झाली. स्पर्धेच्या तीन जणांच्या समितीपुढे खैरनारांनी सांगितलं, दम तुटला म्हणून मी शिट्टी दिली. मात्र समालोचकांचा आवाज आधी कर्ण्यावर आला होता हेही नोंदवा, असं होऊ नये म्हणून मी हंगामाच्या सुरुवातीलाच विनंती केली होती. समितीनं मला बोलावलं. प्रश्न एकच होता: तुम्ही शिट्टीच्या आधी बोललात की नंतर? मी 'नंतर' असं लिहून सही केली. टेप मागवली तर विलासशेठ म्हणाले, तिच्यावर लग्न रेकॉर्ड झालं. मग समितीच्या दृष्टीनं सरळच झालं. पंचानं चूक केली आणि वर समालोचकावर ढकलून पाहिलं. त्या गोंगाटात एवढा बारीक दम ऐकलात कसा, असं विचारल्यावर खैरनारांनी बेअरिंगचं सांगितलं, तेव्हा समितीतले एक जण हसले, असं मला नंतर कळलं. त्यांना पंचांच्या यादीतून काढलं. मला पुढच्या हंगामाचं आमंत्रण आलं.

मी गेलो नाही. घशाचं निमित्त सांगितलं. एवढाच काय तो माझा पश्चात्ताप, आणि तोही कोणाच्या उपयोगाचा नव्हता.

त्यानंतर नाशिकरोडला गेलो की मी एकलहऱ्याकडचा रस्ता टाळत असे. एकदा बँकेच्या रांगेत खैरनार माझ्या पुढे उभे होते. त्यांनी मागे वळून पाहिलं, मान हलवली, पुन्हा पुढे वळले. त्या मानेत काय होतं याचा मी वर्षभर विचार केला.

हे सगळं असंच माझ्याबरोबर संपलं असतं. पण यंदा गच्चीगच्चीवर डिश आल्या आणि विलासशेठनी कंट्रोल रूम मोडीत काढायची ठरवली. दिवाळीनंतर त्यांनी मला बोलावलं. 'सर, तुमच्या काळातल्या कॅसेटी आहेत, भंगारात टाकण्याआधी बघून घ्या.' एका कॅसेटवर नुसतंच 'लग्न, निफाड' लिहिलेलं होतं. ती मी का लावली, हे सांगता येत नाही. नवरा-नवरी, सप्तपदी, जेवणावळी, मग मुलगी गाडीत बसली, गाडी गेली. पडद्यावर मुंग्या आल्या. मी बंद करणार, तेवढ्यात त्या मुंग्यांतून मैदान उघडलं. लग्न लहान पडलं होतं. सामन्याची शेवटची काही मिनिटं टेपच्या टोकाला तशीच राहिली होती.

कॅमेरामन त्या दिवशी चक्क पकडीवरच होता. मातीत तिघं, बाजूला आडवे खैरनार, आणि वरून माझा आवाज. 'दम तुटला, आणि त्याबरोबर घोटीचा हिवाळाही संपला.' वाक्य संपतं. शिट्टी नाही. अजून नाही. मग शिट्टी.

मी ते तीनदा मागे नेऊन पाहिलं. मी आधी बोललो हे मला माहीत होतंच. नवल वाटलं ते मधल्या वेळाचं. माझं वाक्य आणि शिट्टी यांच्यात एक अख्खा श्वास मावेल एवढं अंतर होतं. तेवढ्या वेळात काय झालं? मला वाटलं, तेवढ्या वेळात खैरनारांनी माझ्यावर विश्वास ठेवला. एवढा शिकलेला माणूस म्हणतो आहे तर तुटला असेल, असं म्हणून शिट्टी ओठांत घेतली. म्हणजे शिट्टी चुकीचीच होती, आणि तिची चूक माझी होती. पण हे खरं की माझा तर्क? लहानूचा दम त्या क्षणी चालू होता की नव्हता? बारा वर्षांत प्रथमच मला अपराधापेक्षा उत्सुकता जास्त वाटली. आणि लक्षात आलं की ज्याचा दम, त्याला हे कोणीच विचारलेलं नाही.

घोटीच्या बाजारात लहानू गभाले सापडायला वेळ लागला नाही. भाताच्या गिरणीवर तो मिस्तरी आहे. हिवाळा म्हणजे त्यांची घाई, बाहेर पोत्यांची थप्पी, आत कोंड्याचा धुरळा. मी दारातून हाक मारली. तो पाठमोराच होता. न वळता म्हणाला, 'समालोचनवाले सर.' चेहरा त्याच्या ध्यानात नव्हता, आवाज होता. गिरणीच्या खडखडाटात बोलता येईना म्हणून आम्ही मागच्या बाजूला कोंड्याच्या ढिगापाशी जाऊन उभे राहिलो.

मी त्याला टेपबद्दल सांगितलं. मी आधी बोललो हे सांगितलं. मग विचारलं की तुझा दम तेव्हा तुटला होता का?

त्यानं हातावरचा कोंडा झटकला. 'सर, तोंड मातीत व्हतं. दोघं अंगावर. कानात नुसतं रगत वाजत व्हतं. आपला दम चालू हाय का नाय, ते आपल्यालाच कळत नाय अशा टायमाला. तेवढ्यात वरून तुमचा आवाज आला, तुटला म्हणून. म्हनलं, सर सांगत्यात म्हंजी तुटलाच असंल. मंग सोडून दिला.'

'आणि शिट्टी?'

'शिट्टी नंतर. मी सोडला, मंग वाजली.'

मी एका पोत्यावर टेकलो. म्हणजे शिट्टी वाजली तेव्हा दम खरोखरच तुटलेला होता. मी त्याला पुढचं विचारलं, मग तू हे तेव्हा कोणाला सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, मैदानाबाहेर आलो तर क्रीडासरांनी पाठीवर हात ठेवला, तुझी काही चूक नाही, पंचानं घात केला म्हणाले. गावात गेलो तर गाव तेच म्हणत होतं. आईनं भाकरी वाढताना तेच म्हटलं. 'मला ते बरं वाटलं, सर. खोटं काय बोललो नाय मी. पन कुनी इचारलंच नाय, अन् मी पन सांगितलं नाय.'

मग त्यानं विचारलं, ते पंच आहेत का अजून? आहेत, मी म्हणालो. तो आत गेला, गिरणीच्या मालकाशी बोलला, डोक्याचं फडकं सोडून झटकलं आणि खांद्यावर टाकून बाहेर आला.

खैरनार निवृत्त होऊन नाशिकरोडला राहतात. गॅलरीतून एकलहऱ्याची धुराडी दिसतात. दुपारचं ऊन गॅलरीत आलं होतं आणि ते शाल घेऊन त्यात बसले होते. वहिनींनी दार उघडलं, मला ओळखलं, आणि पाणी आणायला आत गेल्या त्या पाणी ठेवून पुन्हा बाहेर आल्या नाहीत. मी बोलायची तयारी करून गेलो होतो. वाक्यं जुळवली होती. पण लहानूनं मला बोलू दिलं नाही. खैरनारांच्या पाया पडून तो समोर जमिनीवरच बसला आणि म्हणाला, 'पंच, माझा दम तुटला व्हता. तुमची शिट्टी बरोबर व्हती.'

खैरनार त्याच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं त्यांचे डोळे भरतील. तसं काही झालं नाही.

'ते मला माहीत शे,' ते म्हणाले. 'मी ऐकला ना तुटताना.' मग पुढे वाकून, ज्याची एवढी वर्षं वाट पाहिली ते विचारावं तसं त्यांनी विचारलं, 'पण का तुटला? अख्खा हंगाम तुझा दम मी ऐकला. कधी फाटला नाही. त्या दिवशी सरांचं वाक्य कर्ण्यावर आलं तेव्हाही चालू होता. मी म्हटलं, सर चुकले, मी शिट्टी देणार नाही. आणि मग एकाएकी बंद. बेअरिंग असं न सांगता बंद होत नसतं. मी बायकोलाही सांगितलं, याच्यात काहीतरी शे जे मला समजलेलं नाही.'

टेपवरचं ते अंतर मला आत्ता कळलं. त्या एका श्वासात खैरनारांनी माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. सगळं मैदान ओरडत असताना, कर्णा डोक्यावर वाजत असताना, ते पोटावर पडून माझ्या मोठ्या आवाजाखालचा लहान आवाज ऐकत होते आणि तो थांबेपर्यंत थांबले होते.

लहानूनं माझ्याकडे पाहिलं. सांगायचं मला होतं. जुळवलेली सगळी वाक्यं गेली होती. 'माझ्यामुळे,' मी म्हणालो. 'मी तुटला म्हणालो, म्हणून यानं सोडला. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. समितीपुढे मी खोटं लिहून दिलं.'

खैरनार खुर्चीत मागे टेकले. 'असं होतं व्हय,' एवढंच म्हणाले, आणि एखादं मशीन बंद पडण्याचं कारण सापडलेल्या माणसासारखी त्यांची मुद्रा झाली. रागवायला त्यांना जरा वेळ लागला. मग तेही आलं, आणि ते मी इथे लिहीत नाही, कारण ते माझं आहे. वहिनी आतून म्हणाल्या, यांनी बारा वर्षं कपाटातले पांढरे कपडे कोणाला देऊ दिले नाहीत, हे पण ऐकून जा म्हणावं.

निघताना मी म्हणालो, मी हे सगळं लिहून छापायला देतो. मला किती लाज वाटते तेही लिहितो. खैरनारांनी हात वर केला, मैदानात गडी थांबवायला करत असत तसा.

'तुमच्या मनाचं नका लिहू, सर. ते तुम्ही छान लिहाल आणि लोक तुमचंच ऐकत बसतील. कोण कशाच्या आधी आणि कोण कशाच्या नंतर, तेवढं क्रमानं लिहा.'

मनाचं थोडं लिहून झालंच, सवय जात नाही. पण त्यांनी सांगितलेलं आता लिहितो. आधी मी बोललो. मग लहानू गभालेनं दम सोडला. मग खैरनारांनी शिट्टी वाजवली.